परत आलेला भाड्याचा चेक

घरभाड्याचा चेक बँकेतून परत आला म्हणजे घरात एकाच वेळी दोन भांडणे शिरतात. पहिले भाड्याचे. ते बहुधा लौकर मिटते. कारण महिना राहून झाला आहे, भाडे द्यावयाचे आहे, याविषयी दुमत होण्यास जागा नसते. दुसरे भांडण खर्चाचे. चेक परत आल्यामुळे घरमालकास जो भुर्दंड पडला तो कोणी सोसावयाचा, आणि भुर्दंड म्हणून कशाकशाची गणना करावयाची, या प्रश्नावर वर्षानुवर्षे शेजारधर्माने नांदलेली माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. रक्कम पाहू जावे तर ती पुष्कळदा शेदोनशे रुपयांची निघते. परंतु तिच्यामागे वकिलाची नोटीस, कोर्टाची तारीख आणि फौजदारी शिक्षेची भीती उभी असते. म्हणून या लहानशा रकमेचा विचार थोडा बारकाईने करणे अवश्य आहे.

वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. भोवताली कापसाची काळी जमीन, वणीच्या बाजूस कोळशाच्या खाणी. अशा गावी बदलीने येणाऱ्या माणसांची वर्दळ कायमची असते. शाळामास्तर, तलाठी, ग्रामसेवक, दवाखान्यातील परिचारिका, बँकेतील कारकून ही मंडळी दोनतीन खोल्या भाड्याने घेऊन राहतात आणि तीनचार वर्षांनी बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जातात. पूर्वी भाडे ओसरीवर बसून, चहा घेऊन, हातात हात देऊन चुकते होत असे. आता ते चेकाने किंवा फोनवरून जाते. सोय झाली खरी. परंतु पूर्वी पैसे नसले तर भाडेकरू ‘पुढच्या आठवड्यात देतो’ असे तोंडाने सांगे, आता तेच वाक्य बँक एका चिठ्ठीवर छापून घरमालकाच्या हाती देते, आणि तेवढ्याने त्या वाक्याचा अर्थ पार बदलून जातो.

समजा, मारेगावात एका विधवा बाईंच्या घरी एक गुरुजी सहा हजार रुपये भाड्याने राहतात. पगार लांबला. गुरुजींनी दिलेला चेक खात्यात शिल्लक नाही या शेऱ्यानिशी परत आला. गुरुजी दुसऱ्या दिवशी ओशाळून म्हणाले, “काकू, पगार झाला की पहिले पैसे तुमचे.” काकूंनी उत्तर दिले, “भाडं तुम्ही द्यालच हो गुरुजी. पण बँकेनं माझ्या खात्यातून कापले ते कोणाचे?” या एका प्रश्नातच सारा विषय आला. पुढे काकूंच्या पुतण्याने हिशेब मांडला तो असा: बँकेने चेक परत आल्याबद्दल कापलेले करासह १७७ रुपये, त्याच खात्यातून जाणारा काकूंच्या घरकर्जाचा हप्ता अडला त्याबद्दलचा दंड ५९० रुपये, वकिलाच्या नोटिशीचे २,००० रुपये, वणीस हेलपाटा घातला त्याचे २०० रुपये, आणि मनस्ताप म्हणून ५,००० रुपये. एकूण ७,९६७. भाड्याहून भुर्दंड मोठा झाला. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत; परंतु असे कागद गावोगाव लिहिले जातात, आणि त्यांतील कोणती कलमे कायद्यापुढे टिकतात हे लिहिणारासही ठाऊक नसते, वाचणारासही नसते.

कागद न वटल्यास तो लिहून देणाराने केवळ मूळ रक्कमच नव्हे तर समोरच्यास झालेली तोशीसही भरून द्यावी, ही कल्पना आपल्याकडे विलायतेहून आलेली नाही. सावकारी पेढ्यांच्या व्यवहारात हुंडी सकारली गेली नाही म्हणजे ती लिहिणाराकडून व्याज आणि भरपाई घेण्याची रूढी होती, आणि या भरपाईस व्यापारी लोक निकराई-सिकराई म्हणत. १८८१ साली परक्राम्य संलेखांचा, म्हणजे हुंडी-चेकांचा, कायदा झाला तेव्हा देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना पहिल्याच कलमात अभय देण्यात आले. त्याच कायद्याच्या ११७ व्या कलमात असे सांगितले आहे की, चेक धारण करणारास चेकाची रक्कम तर मिळावीच, पण तो वटविण्यासाठी सादर करण्यात व नाकारल्याची नोंद करून घेण्यात जो योग्य खर्च झाला तोही मिळावा. ‘योग्य खर्च’ या दोन शब्दांवर सर्व भिस्त आहे.

आता पुतण्याच्या कागदाकडे वळावे. बँकेचे १७७ रुपये गुरुजींनी द्यावयास हवेत, यात शंका घेण्याचे कारण नाही. चेक त्यांनी दिला, शिल्लक त्यांच्या खात्यात नव्हती, आणि बँकेचा आकार त्या चेकामुळेच पडला. ११७ वे कलम बाजूस ठेवले तरी १८७२ च्या करार कायद्याचे ७३ वे कलम तेच सांगते: करार मोडल्यामुळे सामान्य क्रमाने जे नुकसान व्हावयाचे ते मोडणाराने भरावे. बँकेच्या खातेउताऱ्यावर आकडा छापलेला असतो; त्याला दुसरा पुरावा लागत नाही.

हप्त्याचा दंड मात्र निराळा. काकूंस तो खरोखरच पडला आहे, त्यात लबाडी नाही. तरी तो गुरुजींवर घालता येईल काय? याचे उत्तर १८५४ सालच्या एका इंग्रजी खटल्यात आहे, आणि आपल्या ७३ व्या कलमावर त्याची छाया स्पष्ट दिसते. ग्लॉस्टर येथील एका पिठाच्या गिरणीच्या वाफेच्या यंत्राचा दांडा मोडला. त्याच्या नमुन्यावरून नवा दांडा घडवून आणण्यासाठी तो ग्रिनिचला पाठवावयाचा होता. वाहतूक करणाराने दिरंगाई केली, आणि तितके दिवस गिरणी बंद राहिली. गिरणीवाल्याने बुडालेला नफा मागितला. कोर्टाने तो नाकारला. कारण दांडा वेळेवर न पोचल्यास गिरणीच बंद राहील ही गोष्ट वाहतूकदारास कळविलेली नव्हती, आणि सामान्य माणसास ती आपोआप सुचण्यासारखीही नव्हती. काकूंचा हप्ता हा त्या गिरणीसारखाच आहे. गुरुजींस तो ठाऊक नसेल तर त्याचा दंड त्यांच्यावर घालता येणार नाही. परंतु भाडेकरारात ‘या भाड्यातून घरकर्जाचा हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेस जातो’ असे एक वाक्य लिहिलेले असेल, तर प्रकरण फिरते. मग नुकसान दूरचे राहत नाही, उभयतांस आधी दिसत असलेले होते. तेव्हाही कोर्ट एक गोष्ट विचारीलच: चेक परत आल्याचे आठ तारखेस कळले होते, तर दहा तारखेपूर्वी दुसरीकडून सहा हजार खात्यात भरणे काकूंस शक्य होते की नव्हते? नुकसान टाळण्याचे साधन हाती असता ते न वापरणारास त्या नुकसानीची पुरी भरपाई मिळत नाही.

मनस्तापाचे पाच हजार काढून टाकावेत. पैशाच्या साध्या करारभंगात मनस्तापाची किंमत कोर्टे सहसा धरीत नाहीत. हेलपाट्याचे दोनशे तिकिटासह सिद्ध झाले तर फार तर त्यांचा विचार होईल. वकिलाच्या फीविषयी मात्र लोकांत मोठा गैरसमज आहे. नोटीस पाठविली म्हणजे तिची फी समोरच्याने द्यावयाचीच, असे पुष्कळ नोटिशींच्या तळाशी लिहिलेले असते. ती मागणी आहे, हुकूम नव्हे. दाव्याचा खर्च कोणी कोणास किती द्यावयाचा हे ठरविणे न्यायाधीशाच्या हातचे आहे, आणि वकिलास प्रत्यक्ष दिलेली सर्व रक्कम त्यात मिळतेच असे नाही.

कित्येक घरमालक आधीच सावधगिरी म्हणून करारात कलम घालतात की, चेक परत आल्यास भाडेकरूने पाच हजार रुपये द्यावेत. भाडेकरू सही करताना ते वाचीत नाही, आणि पुढे त्याचीच भीती बाळगतो. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे अशा ठरीव रकमेचा अर्थ एवढाच की भरपाई त्याहून अधिक मिळणार नाही. त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाई किती, हे कोर्ट पाहते. फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. १७७ रुपयांच्या तोशिशीस पाच हजारांची भरपाई वाजवी म्हणणारा न्यायाधीश विरळा.

व्याजाचा हिशेब तर लोक करीतच नाहीत. चेकावर दर लिहिलेला नसेल तर १८८१ च्या कायद्याचे ८० वे कलम दरसाल शेकडा १८ हा दर धरते. सहा हजारांवर महिन्याचे नव्वद रुपये होतात.

दिवाणी बाजूचा पसारा एवढाच आहे. परंतु परत आलेल्या चेकाला फौजदारी बाजूही आहे, आणि नोटिशीत १३८ हा आकडा दिसताच भल्याभल्यांची झोप उडते ती तिच्यामुळे. पूर्वी शिल्लक नसताना चेक देणे हा, फसवणूक सिद्ध झाल्यावाचून, गुन्हा नव्हता. १९८८ च्या दुरुस्तीने हुंडी-चेकांच्या कायद्यात १३८ वे कलम घातले गेले आणि १ एप्रिल १९८९ पासून ते अमलात आले. आज त्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीसुद्धा चेक परत आला त्या क्षणी गुन्हा घडत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत घरमालकाने लेखी नोटीस द्यावयाची. नोटीस हाती पडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत भाडेकरूने रक्कम द्यावयाची. त्याने ती दिली नाही तरच, आणि त्यापुढील एका महिन्याच्या आत, फिर्याद करावयाची.

या पंधरा दिवसांत द्यावयाची ती रक्कम कोणती? चेकावर लिहिलेली. सहा हजारांचा चेक असेल तर सहा हजार. बँकेचा आकार, नोटिशीची फी, व्याज यांपैकी काहीही राहिले तरी, चेकाची रक्कम मुदतीत पोचली म्हणजे फौजदारी बाब तेथेच संपते. खर्चाची बाकी दिवाणी देणे म्हणून उरते, आणि अशा बाकीसाठी कोणी तुरुंगात जात नाही. गुरुजींनी खर्चाच्या आकड्यावर वाद घालीत बसून पंधरा दिवस घालवावेत आणि मूळ सहा हजारही अडवून धरावेत, याइतका महागडा मानीपणा दुसरा नाही. वाद दीडदोनशेंचा किंवा दोन हजारांचा. परंतु त्यापायी उभा राहणारा खटला सहा हजारांचा आणि फौजदारी.

हाच धडा उलट बाजूने काकूंसाठीही आहे, आणि तो अधिक कडक आहे. सुमन सेठी विरुद्ध अजय चुरीवाल या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, नोटिशीत चेकाची रक्कम स्पष्टपणे मागितलेली हवी. खर्च आणि व्याज त्यात मागता येते, पण वेगळे लिहून. पुतण्याने ‘भाडे व नुकसानभरपाई मिळून १३,९६७ रुपये पंधरा दिवसांत द्यावेत’ अशी एकगठ्ठा मागणी केली आणि त्यात चेकाचे किती हे कोठेच सांगितले नाही, तर ती नोटीस कुचकामी ठरते, आणि तिच्या आधारे केलेली फिर्यादही पडते. अधिक मिळावे म्हणून फुगविलेल्या आकड्याने हातचे हत्यारही जाते. घरमालकांस वकिली सल्ला देणारे पुतणे प्रत्येक गावी असतात. त्यांनी हा निकाल अवश्य वाचावा.

घर गळते, मालक दुरुस्ती करीत नाही, म्हणून रागाने दिलेल्या चेकाचे पैसे बँकेस थांबवावयास सांगणारे भाडेकरूही आहेत. तेही या कलमातून सुटत नाहीत. पैसे थांबविल्यामुळे परत आलेला चेक १३८ व्या कलमाखाली येऊ शकतो असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली, आणि खाते बंद केल्यामुळे परत आलेलाही येतो असे १९९९ साली म्हटले आहे. चेकाऐवजी बँकेमार्फत आपोआप पैसे वळते करण्याची आज्ञा दिली असेल आणि शिल्लकेअभावी ती फसली, तर २००७ च्या देयक व्यवस्थांच्या कायद्याचे २५ वे कलम तितकीच शिक्षा सांगते.

बदलीच्या माणसास आणखी एक धोका आहे. मारेगाव सोडताना शेवटच्या महिन्याचा चेक ठेवून गुरुजी पुसदला किंवा थेट कोकणात गेले, आणि मागाहून चेक परत आला, तर खटला कोठे चालावा? या प्रश्नाने देशभर मोठा गोंधळ उडाला होता, आणि त्यावरील गाजलेला निकाल नागपूर खंडपीठाकडून गेलेल्या प्रकरणातच लागला. दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २०१४ साली ठरले की, चेक ज्या बँकेवर काढला तिच्या गावी खटला चालावा. त्यामुळे पैसे घेणारास परगावी धावावे लागू लागले. २०१५ साली कायदा दुरुस्त झाला. आता चेक खात्यात भरला असेल तर घेणाराचे खाते ज्या शाखेत असेल तेथील कोर्टात फिर्याद होते. काकूंचे खाते मारेगावच्या शाखेत असेल तर गुरुजींस कोकणातून मारेगावकडे तारखा करीत यावे लागेल. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, मिळालीच नाही, ही सबब खरी असली तरी तिचा उपयोग मर्यादित आहे. अलवी हाजीच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नोटीस मिळाली नाही असे म्हणणाराने कोर्टाचे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेकाची रक्कम भरावी. ती न भरता केवळ नोटिशीबद्दल तक्रार करणाराचे ऐकले जाणार नाही. गाव सोडताना नवा पत्ता लिहून देणे म्हणूनच भाडेकरूच्या हिताचे आहे.

खटला उभा राहिलाच, तर खर्च कसा चढत जातो हेही पाहण्यासारखे आहे. चेकाची रक्कम आणि तिच्यावर दरसाल शेकडा ९ व्याज ध्यानी घेऊन दुपटीपर्यंत दंड करावा आणि त्यातून फिर्यादीस भरपाई द्यावी, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आर. विजयन विरुद्ध बेबी या निकालात दाखविला. तडजोडीस उशीर लावणारावरही आकार बसतो. गोव्यातील दामोदर प्रभू यांच्या खटल्यात २०१० साली उशिराच्या तडजोडीस चेकाच्या शेकडा १० पासून २० पर्यंत खर्च ठरविला गेला. २०२५ साली, पुन्हा गोव्यातूनच आलेल्या एका प्रकरणात, ही प्रमाणे उतरविण्यात आली. हा पैसा घरमालकाच्या हाती मात्र पडत नाही, विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

राहता राहिला घर सोडण्याचा प्रश्न. आणि भाडेकरूच्या बायकोला सर्वांत आधी तोच सुचतो. चेक एकदा परत आला म्हणून घर जात नाही. वऱ्हाडात १९४९ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेशापासून ही संरक्षक भिंत उभी आहे. त्या आदेशाखाली भाडेकरूस काढण्याची नोटीस देण्यापूर्वी नियंत्रकाची लेखी परवानगी लागे, आणि थकबाकीच्या कारणासाठी तीन महिन्यांचे भाडे तुंबलेले असावे लागे. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. जे गाव त्याच्या परिशिष्टात आहे तेथे थकबाकीसाठी दावा करण्यापूर्वी नव्वद दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दावा झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकलेले भाडे, त्यावर दरसाल शेकडा १५ व्याज कोर्टात भरले, पुढील भाडे नियमाने भरीत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर ताबा देण्याचा हुकूम होत नाही. हा कायदा जेथे लागू नाही अशा गावीही १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ११४ वे कलम आहे. भाडे थकल्यामुळे पट्टा संपुष्टात आला तरी सुनावणीच्या वेळी भाडेकरूने थकबाकी, व्याज आणि मालकाचा दाव्याचा पुरा खर्च पुढे केला तर कोर्ट त्याचे बिऱ्हाड वाचवू शकते. दोन्ही वाटांवर मालकाचा खर्च आहे हे लक्षात घ्यावे. आणि दोन्ही वाटांवर तो कोर्टाच्या नजरेखाली मोजला जातो, पुतण्याच्या वहीत नव्हे. पाणी तोडणे, वीज बंद करणे, खोलीला परस्पर कुलूप ठोकणे हे थकबाकी वसूल करण्याचे मार्ग नव्हेत; आवश्यक सोयी तोडण्यास तर भाडे नियंत्रण कायद्याच्या २९ व्या कलमाची स्पष्ट मनाई आहे.

तर मग गुरुजींनी काकूंस काय द्यावे? वीस दिवसांनी पगार झाला असे धरले, तर भाड्याचे ६,०००, बँकेचे १७७ आणि शेकडा १८ दराने वीस दिवसांचे व्याज सुमारे ५९, असे ६,२३६ रुपये. हप्त्याचा दंड त्यांनी आपण होऊन दिला तर ते त्यांचे सौजन्य. आणि एकट्या बाईचा तो हप्ता अडला हे कळल्यावर निदान त्यातील काही भाग उचलणे पुष्कळांस बरे वाटेल. नोटीस अद्याप गेली नसेल तर तिचे दोन हजार उभयतांचे वाचले.

पैसे देताना पावत्या दोन घ्याव्यात, एक चेकाच्या रकमेची आणि दुसरी खर्चाची. भाड्याची पावती देणे हे भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकावर बंधनकारकच आहे. त्याच वेळी परत आलेला मूळ चेक आणि बँकेची चिठ्ठी काकूंकडून मागून घ्यावी. चेक लिहिल्या तारखेपासून तीन महिने चालतो, तोवर तो पुन्हा बँकेत भरता येतो, आणि दुसऱ्यांदा परत आला तर नोटिशीची मुदत नव्याने सुरू होते. काकूंच्या मनात तसे काही नसेल. पण चेक पुतण्याच्या खिशात असतो.